एक्केचाळीस चुली

आमच्या घरी एक स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, आहे. त्याच्या काठावर 'सौ. इंदू भाऊराव' असं कोरलं आहे. माझ्या बायकोचं नाव उर्मिला.

तिगावला पॅसेंजर दोन मिनिटं थांबते.

संत्र्याचं झाड तीन दिवस पाण्यात उभं राहिलं तर मरत नाही. पुढच्या वर्षी मरतं.

प्रश्न क्रमांक चौदा. रहिवाशांच्या मनोबलात सुधारणा झाली आहे काय? होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.

माणसं मोजू नयेत, असं माझी आई म्हणे. म्हणून वर्गात मी पाट्या मोजतो.

जामसावळीचा मारुती उभा नाही. निजलेला आहे.

*

आता नीट सांगतो.

पिंपळखुटी हे गाव जाम नदीच्या वळणात होतं. चव्वेचाळीस घरं, सगळी मातीची. १९८६ च्या ऑगस्टात एका मंगळवारी दुपारी पाणी गावात शिरलं आणि शुक्रवारी सकाळी बाहेर पडलं. पाच माणसं गेली. घर एकही धड राहिलं नाही. उरलेले लोक टेकडीवर गेले आणि ताडपत्र्या बांधून राहिले.

शनिवारी मला पांढुर्ण्याच्या शाळेतून यादी करायला पाठवलं. अशी कामं मास्तरांकडेच येतात, कारण मास्तरांचं अक्षर वाचता येतं. नायब तहसीलदारांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरून पद्धत समजावली. ते हिंदीत बोलत होते, तिकडचा सरकारी कारभार हिंदीतच चालतो. घरं मोजू नका, घरं उरलेली नाहीत. तोंडी विचारू नका, एका घरात राहणारे चार भाऊ चार घरं सांगतील. चूल मोजा. ज्याची चूल वेगळी त्याचं कुटुंब वेगळं. एक चूल, एक कुटुंब, एक प्लॉट. टेकडीवर नवं गाव आखायचं होतं, आणि त्यात किती प्लॉट पाडायचे हे माझ्या आकड्यावरून ठरणार होतं.

मला पद्धत पटली.

रविवारी सकाळी नऊ वाजता, भाकरीच्या वेळेला, मी टेकडीवर गेलो. तीन-तीन दगडांच्या चुली होत्या. धूर पाहून मोजल्या, जवळ जाऊन नावं लिहिली. एकदा नदीकडून सुरुवात केली, एकदा रस्त्याकडून. दोन्ही वेळा एक्केचाळीस. दोन्ही वेळा तोच आकडा आला याचं मला समाधान वाटलं. खाली सही केली.

चौदा महिन्यांनी, १९८७ च्या ऑक्टोबरात, त्या गावाची 'पुनर्वसन प्रगती' तपासायला मलाच पाठवलं. गावाची माहिती असलेला माणूस हवा, असं पत्रात होतं. सोबत एकोणीस प्रश्नांचं प्रपत्र होतं. सगळे प्रश्न इथे देत नाही.

प्रश्न २. आराखड्यानुसार किती घरे पूर्ण झाली?

एक्केचाळीस.

गावचा कोतवाल गुणवंता मला घ्यायला तिगाव स्टेशनावर आला होता. तासभर चालत गेलो. नवं गाव चार ओळींचं होतं. दहा, दहा, दहा, अकरा. प्रत्येक घरावर निळ्या रंगात नंबर. लोक आता एकमेकांना नंबरानंच ओळखतात, असं त्यानं वाटेत सांगितलं. अठरा नंबरची सासू सव्वीस नंबराशी बोलून नाही राहिली. एकतीस नंबरची म्हैस पुन्हा सतरा नंबरात शिरली. तो स्वतः चाळीस नंबर.

"मले तं बायको बी चाळीस म्हणते," तो म्हणाला. "वय बी तेच हाय, म्हणून राग नाही येत."

प्रश्न ३. घरांची रचना आराखड्याप्रमाणे आहे काय?

आराखड्यात सगळी दारं रस्त्याकडे होती. दोन ओळींना रस्ता दक्षिणेला येत होता, आणि दक्षिणेकडे दार कोणी ठेवत नाही. त्या वीस घरांनी पुढचं दार विटांनी बुजवून मागची भिंत फोडली होती. रस्त्यानं चालताना एका बाजूला गाव दिसायचं, दुसऱ्या बाजूला गावाची पाठ.

सरपंच भैय्याजी तिथे येऊन मिळाले. दारांचं काय लिहायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, दार हलवलं म्हणून लिहू नका, वारा खेळता केला म्हणून लिहा. मी 'किरकोळ बदल' लिहिलं.

प्रश्न ६. पेयजलाची सोय समाधानकारक आहे काय?

हापशी एकच, गावाच्या मधोमध. एक गुंड, म्हणजे घागर, भरायला साठ दांडे मारावे लागतात. सून हापसते, सासू मोजते, असं भैय्याजी म्हणाले. मी 'होय' ठेवलं, 'नाही' खोडलं.

प्रश्न ९. जुन्या गावठाणात कोणी राहते काय? असल्यास संख्या लिहावी व अतिक्रमण हटविण्याची शिफारस करावी.

मी प्रश्न मोठ्यानं वाचला. भैय्याजी हापशीकडे पाहू लागले. गुणवंतानं नदीकडे पाहिलं. खाली, झाडांच्या पलीकडे, धुराची एक सरळ रेघ वर चढत होती.

"राहते ना," तो म्हणाला. "कलाबाई."

भैय्याजींनी त्याला हळू आवाजात सुनावलं, की कोतवालानं विचारल्याशिवाय साक्ष देऊ नये. मग मला म्हणाले की उतारावर पाय जपून टाका. ते स्वतः आले नाहीत.

उतारावर संत्र्याची बाग होती. झाडं उभी होती, ओळीत, पानं नव्हती. खाली जुन्या गावाच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या, त्यांवर रानतुळस माजली होती. एकाच घराच्या दोन भिंती पुऱ्या होत्या. त्यांवर टिनाचे पत्रे टाकलेले, पत्र्यांवर दगड. बाहेर संत्र्याच्या वाळक्या फांद्यांची रास.

कलाबाई दारातच बसली होती. पंचेचाळिशीची असेल. पुरात गेलेल्या पाचांपैकी मोतीराम हा तिचा नवरा. तिनं बसायला पोतं टाकलं आणि बिनदुधाचा चहा दिला. चूल मोठी पेटलेली होती. चहा झाल्यावर चुलीवर काहीच नव्हतं, तरी तिनं आणखी एक फांदी आत सरकवली.

"मोजा आता," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, इझू नाही देल्ली."

मला लगेच कळलं नाही. गुणवंतानं समजावलं. मोजणीवाले गुरुजी पुन्हा येणार अशी दवंडी त्यानं आठ दिवसांपूर्वी दिली होती. कोणत्या दिवशी ते त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून ती चूल सांभाळून बसली होती. पहाटे उठून फांदी घालायची, शेण्या लावायची. लाकडाची तूट नव्हती.

मी प्रपत्र उलटंपालटं केलं. घर, दार, हापशी, संडास, गुरं, शाळा, मनोबल. या खेपेला चुलीचा प्रश्न नव्हता. तिला ते सांगितलं नाही. पहिल्या यादीतून तिचं नाव कसं राहून गेलं, एवढंच विचारलं.

रस्ता विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं तिनं सांगितलं. त्या रविवारी मोतीराम अजून नदीत होता. सोमवारी तो पुलाच्या खांबाला अडकलेला सापडला. मयत सापडत नाही, त्याला अग्नी दिला जात नाही, तोवर घरची चूल पेटवत नाहीत, आणि नंतरही तीन दिवस नाही. शेजारचे, भावकीतले जेवण आणून देतात. तिचा दीर कवडू रोज भाकरी आणत होता. टेकडीवर अशी तीन घरं होती, आणि ती तिन्ही एकाच ताडपत्रीखाली, कडेला बसली होती. पाचही माणसं त्याच तीन घरांतली.

"तुम्ही आमच्या जवळून गेले," ती म्हणाली. "म्या पाहिलं तुमाले. तुम्ही दगड पाहून राहिले होते."

एक्केचाळीस आणि तीन चव्वेचाळीस. ज्या घरांतून कोणी गेलं नव्हतं, तेवढीच घरं मी मोजली होती. दोनदा.

उरलेल्या दोन घरांपैकी अंबाबाईचं घर नागपूरला गेलं, कुठे ते कोणाला माहीत नाही. दुसरं घर म्हणजे एक म्हातारा होता, तो सौसरला मुलीकडे राहायला गेला. कलाबाई काही महिने कवडूच्या सत्तावीस नंबरात राहिली. तिथं कोपऱ्यात तिनं आपली वेगळी चूल मांडली होती. पाहणीला आलेल्या ओव्हरसिअरनं ती फोडायला लावली. एका प्लॉटवर एकच चूल. मग ती खाली आली.

मी चहा प्यायलो. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मला माहीत होतं.

प्रश्न ११. प्रथम गणनेतील आकड्यात तफावत आढळली काय? असल्यास कारण.

दुपारी नायबसाहेब जीपनं आले. तेच होते, बदली झाली नव्हती. मी त्यांना हापशीपाशी बाजूला घेतलं आणि चूल, मयत, तीन दिवस, सगळं सांगितलं. चूक माझी, असं लिहून देतो म्हणालो.

त्यांनी पूर्ण ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, त्या आठवड्यात या पद्धतीनं एकूण किती गावं मोजली होती, आठवतं का. मी म्हणालो, मला माझंच माहीत आहे. तेवीस, ते म्हणाले. मग हापशीच्या दांड्यावर हात ठेवून ते उभे राहिले. एक बाई गुंड घेऊन आली आणि साहेब दांडा सोडतील म्हणून उभी राहिली. त्यांनी सोडला.

असं कारण कागदावर आलं तर तेवीस गावं उघडावी लागतील, असं ते शेवटी म्हणाले. ते होणार नाही. पण एक बाई राहून गेली असेल, तर एक बाई बसवता येईल. शाळेच्या प्लॉटचा एक कोपरा मोकळा आहे. पंचनामा करा. त्या दिवशी तिची चूल पेटलेली होती आणि गुरुजींच्या नजरेतून सुटली, असं पाच जण सही करून देतील, बाई अंगठा लावेल. रेकॉर्डला चूल पेटलेली पाहिजे. संध्याकाळपर्यंत ते सही करून सौसरला नेतील.

मी शाळेच्या ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. 'सदर दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कलाबाई मोतीराम हिची चूल टेकडीच्या पूर्व टोकास पेटलेली होती व ती स्वयंपाक करीत होती, हे आम्ही पंचांनी प्रत्यक्ष पाहिले.' अक्षर चांगलं आलं. भैय्याजींनी घटकाभरात पाच माणसं गोळा केली. कोणी काही विचारलं नाही. खरं काय ते पाचांनाही माहीत होतं आणि पाचांनीही सही केली, कारण बाईला घर मिळत होतं. भैय्याजींची पहिली. कवडूची शेवटची. त्यानं सही करण्याआधी हात धोतराला पुसले.

मग आम्ही तिघं खाली गेलो. भैय्याजी, कवडू आणि मी. शाईचं पॅड माझ्या खिशात होतं.

कलाबाईनं पदर सावरला. वाचून दाखवा म्हणाली. मी हिंदीतलं मराठीत करून वाचलं.

"ते चुलीचं पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

तिनं चुलीतली एक फांदी बाहेर ओढली, राख झटकली आणि परत आत घातली. मग भैय्याजींना विचारलं, "तुमची सही काउन हाय याच्यावर? तुम्ही तं माह्या बाजूले येऊन बसले होते त्या दिवशी."

भैय्याजी म्हणाले, "प्लॉट भेटून राहिला, कला. अंगठा दे अन् मोकळी हो."

"अन् तू रे, कवडू? त्या दिवशी भाकर कोनाले आणून देल्ली तू?"

कवडू माझ्या हातातल्या पॅडकडे पाहत होता. "कागद हाय तो, वैनी," तो म्हणाला. "कागदाले कोन पाहते."

"धनी पाण्यात होता," ती म्हणाली. "अन् म्या भाकरी थापून राहिली होती, असं लिवलं हाय ना याच्यात?"

मी हो म्हणालो.

"मंग नाही."

भैय्याजींनी बरंच समजावलं. पावसाळा पुन्हा येणार आहे, या भिंती या खेपेला टिकायच्या नाहीत. खुद्द मोतीराम असता तरी अंगठा दे म्हणाला असता. जामसावळीला जाऊन मारुतीपुढे खोटं कबूल करून ये, एक नारळ फोड, तो निजलेला देव आहे, समजून घेईल. त्यावर ती थोडी हसली. हसल्यावर भैय्याजींना वाटलं जमलं, म्हणून त्यांनी मला पॅड उघडायची खूण केली. मी उघडलं.

तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

"घर नाही तं नाही, गुरुजी. पण म्या त्या दिवशी रांधलं नोहोतं."

चढताना बागेत कवडू थांबला आणि एका वाळक्या झाडाला टेकून चपलेतला काटा काढत बसला. आम्ही पुढे गेल्यावरही तो बसलेलाच होता.

प्रश्न ११. 'तफावत नाही.'

प्रश्न ९.

हा मी सगळ्यात शेवटी भरला. 'एक' लिहिलं तर पंधरा दिवसांत माणसं येऊन पत्रे उतरवतील आणि दोन भिंती पाडतील. शिफारस माझ्याच हातची असेल. आणि तिनं जावं कुठे, याला प्रपत्रात जागा नव्हती. लिहिण्यासारखा दुसरा शब्द एकच होता. असेल-नसेल त्या रकान्यात आम्ही मास्तर नेहमी लिहितो तो. मी 'निरंक' लिहिलं. म्हणजे कोणी नाही.

पहिल्या वेळी मी तिला न पाहता वगळलं होतं. या वेळी पाहून वगळलं.

नायबसाहेबांनी कागद घेतले. पंचनामा कुठे, असं त्यांनी विचारलं नाही, कारण माझ्या हातात शाईचं पॅड उघडं होतं आणि त्यावर अंगठा दाबल्याची खूण नव्हती. त्यांनी नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. मग नदीकडे पाहिलं. वारा पडला होता, धूर सरळ चढत होता. जीपच्या ड्रायव्हरलाही दिसत असणार. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

प्रश्न १४, मनोबलाचा. मी 'नाही' खोडलं.

जीपमधून स्टेशनापर्यंत सोडतो म्हणाले. मी चालत जातो म्हणालो. वाट जुन्या गावावरून जात नाही, पण मी तिकडून गेलो.

कलाबाई मला पाहून उठली. मी परत का आलो, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं की पत्रे कोणी उतरवणार नाही, निदान या वर्षी. तिनं मान हलवली. फांद्यांची रास सकाळपेक्षा निम्मी झाली होती. चूल तशीच मोठी होती आणि तिच्यावर काही नव्हतं.

"झाली न मोजनी?"

"झाली."

"मंग आता इझवू का?"

मी हो म्हणालो. तिनं एक-एक फांदी बाहेर काढून मातीत दाबली, लोट्यातलं पाणी हातानं शिंपडलं. धूर आधी वाढला, मग पांढरा झाला, मग राहिला नाही. तिगावची पॅसेंजर मला मिळाली.

१९८६ च्या मे महिन्यात, पुराच्या तीन महिने आधी, माझे वडील वारले. तीन दिवस आमच्या घरची चूल पेटली नव्हती, आणि वरण शेजारच्या इंदूबाईंनी त्याच स्टीलच्या गंजातून आणून दिलं होतं.